किरण आला, आली की आलं?

'किरण' हे नाव जर्मनीत थेट घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि खटला जिंकून परत आलं, हे आपल्याकडच्या फारशा किरणांना माहीत नसतं. तिथल्या एका दांपत्याने आपल्या मुलीचं नाव किरण ठेवलं. घरात भारताचा धागा होता, त्यामुळे ते नाव त्यांना परकं नव्हतं. जन्मनोंदणी करणारं कार्यालय मात्र अडून बसलं. या नावावरून मूल मुलगा आहे की मुलगी ते कळत नाही, तेव्हा सोबत एखादं रोखठोक मुलीचं नाव जोडा, असं त्यांचं म्हणणं. पालकांनी जोडलं नाही. खालच्या न्यायालयांनी कार्यालयाची बाजू घेतली. अखेर प्रकरण कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयात पोहोचलं आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निकाल लागला: नावावरून लिंग कळलंच पाहिजे असं सांगणारा कायदा मुळात नाही, मुलीला या नावाशी आपली ओळख जोडता येते, तेव्हा तिचं नाव नुसतं किरण राहायला हरकत नाही. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर फार तर आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घावरून वाद होतो. नाव मुलाचं की मुलीचं हा प्रश्न तिथल्या कारकुनाला पडत नाही, कारण त्याच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळा रकाना आहे आणि रकाना असताना डोकं चालवणं कुठल्याच खिडकीच्या शिस्तीत बसत नाही.

तरीही जर्मन अधिकाऱ्याला मी खलनायक ठरवणार नाही. त्याची अडचण भाषेची होती. जर्मन भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. मुलीसाठीचा त्यांचा रोजचा शब्द तर चक्क नपुंसकलिंगी, जसं आपलं पोर किंवा लेकरू. पण ही सगळी लिंगसंपत्ती तिथे नामं, सर्वनामं आणि विशेषणं यांच्या ताब्यात. क्रियापदाच्या हाती काही नाही. 'किरण आला' आणि 'किरण आली' यांना जर्मनमध्ये एकच वाक्य. इंग्रजीतही तेच. सर्वनाम उगवेपर्यंत ऐकणारा चाचपडत राहतो आणि मग सगळं ओझं नावावर येऊन पडतं. मराठीत नावाला एवढी हमाली करावी लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मराठी माणसाने लिंग सांगण्याचं काम नावावर कधी फारसं विश्वासाने सोपवलंच नाही. पूर्वी ते काम नावाच्या शेपटाकडे होतं, आता ते क्रियापदाच्या शेपटाकडे आहे. त्यामुळे किरण हे नाव गोंधळात टाकणारं नाही, काटकसरीचं आहे. गोंधळ घालणारे वेगळेच आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

आधी त्या शब्दाकडे पाहू, कारण तो दिसतो तेवढा सोज्वळ नाही. बाळांच्या नावांच्या पुस्तकात किरण म्हणजे प्रकाशाची तिरीप, असा अर्थ दिलेला असतो आणि तो बरोबरच आहे. पण शब्द आला 'कॄ' या धातूपासून, म्हणजे विखुरणं, उधळणं. विकिरण, प्रकीर्ण, संकीर्ण ही त्याचीच भावंडं; 'संकर'सुद्धा त्याच घरातला. ऋग्वेदात तर किरण हा शब्द बारीक धुळीसाठी येतो. बारशाला पाळण्यावर वाकून आत्याबाई बाळाच्या कानात 'कुर्र' करून जे सांगतात आणि पाठीवर धपाटे खातात, त्याचा मूळ अर्थ 'धूळ' असावा, ही बातमी पेढे वाटून झाल्यावरच फोडलेली बरी. पण यात विसंगती काही नाही. कौलारू घरात दुपारी एखाद्या सरकलेल्या कौलातून कवडसा उतरतो, तेव्हा उजेडाची ती तिरकी काठी आपल्याला दिसते कशामुळे? तिच्यात तरंगणाऱ्या धुळीमुळे. कोणी शेजारी सतरंजी झटकली की काठी जाड होते, धूळ खाली बसली की काठी विरते आणि सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढा गोल तेवढा उरतो. वेदातल्या माणसाला धूळ आणि उजेड एकाच शब्दात दिसले असतील तर त्याचे डोळे चांगले होते, एवढंच म्हणता येईल. योगायोगाची आणखी एक गंमत आयर्लंडात आहे. तिथे कानाला जवळजवळ 'किरन' असंच लागणारं मुलग्याचं एक जुनं नाव आहे आणि त्याचा अर्थ आहे 'छोटा काळासावळा'. तेव्हा लंडनच्या एखाद्या कार्यालयात आपली किरण रुजू व्हायच्या आधीच तिच्या नावाने पुरुषाची चिठ्ठी तयार असेल तर तिने रागावू नये. वर अर्थही उलटा झालेला आहे.

या शब्दाचं स्वतःचं लिंग कुठलं, हे विचारलं तर उत्तर प्रांतावर अवलंबून आहे. संस्कृतात किरण पुल्लिंगी. हिंदीत तो स्त्रीलिंगी झाला. तिथे आशेची 'किरण' असते, आपल्याकडे आशेचा. म्हणून उत्तरेत या नावाची माणसं बहुतेक बायका निघतात आणि महाराष्ट्रातला किरण नावाचा बुवा दिल्लीला गेला की हॉटेलच्या नोंदवहीपाशी दोनदा न्याहाळला जातो. मराठीने आणखी पुढची मजल मारली. एकवचनात आपण 'आशेचा किरण' म्हणून तो पुल्लिंगी ठेवतो आणि अनेकवचनात पुष्कळदा 'सूर्यकिरणे' म्हणून नपुंसकात ढकलतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा नोव्हेंबरात किरणोत्सव होतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरून देवीच्या पायांवर, छातीवर, मुखावर चढतं. त्याचं वर्णन कोणी 'किरण पोहोचले' असं करतं, कोणी 'किरणे पोहोचली' असं. देवीला फरक पडत नाही. शब्दालाच आपलं लिंग पक्कं ठाऊक नसेल तर त्या नावाच्या माणसाने ते जगाला आधी जाहीर करावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

अशा नावांना मराठीत नीटसा शब्दही नाही. 'उभयलिंगी' म्हणावं तर शाळेच्या जीवशास्त्रातलं गांडूळ आठवतं. 'युनिसेक्स' म्हणावं तर सलूनची पाटी डोळ्यांपुढे येते. मी त्यांना सामाईक नावं म्हणतो, सामाईक विहीर म्हणतात तसं. ही विहीर फार जुनी आहे. रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर आणि किराणा घराण्याच्या हिराबाई बडोदेकर यांच्यात अडीचशे वर्षांचं अंतर असेल, पण हिरा तोच. येसाजी कंकांमधला 'येस' आणि महाराणी येसूबाईंमधला 'येस' कानाला तरी एकच. नाव म्हणजे मळून ठेवलेली कणीक. 'जी', 'बा', 'राव', 'पंत' लावलं की पुरुष, 'बाई' लावलं की स्त्री. सोन्याचा सोनाजी होतो आणि सोनाबाईही. धोंड्याचा धोंडिबा आणि धोंडाबाई. आता कोणी म्हणेल, मग सीता-सावित्रीचं काय? ती नावं तर स्वतःचं लिंग स्वतः सांगतात. सांगतात खरी, पण संस्कृतातून ती तशी बांधून-सवरून आली होती आणि तरीही आपल्या पणज्यांनी त्यांना सीताबाई, सावित्रीबाई केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. 'आ'कारावर किंवा 'ई'कारावर विसंबायचं नाही, ही मराठी सावधगिरी. आणि तिला कारण होतं: मराठीत आकारान्त नाम म्हणजे घोडा, आंबा, दगडगोटा, सगळे पुरुष. विष्णूचा 'कृष्ण' आपल्या तोंडी 'कृष्णा' झाला आणि साताऱ्याकडची नदीही कृष्णाच. एक कृष्णा वाजवतो, दुसरी वाहते. नुसत्या हाकेवरून कोण ते सांगा.

शिखांनी हीच युक्ती जास्त शिस्तीत केली. १६९९मध्ये खालसा पंथ स्थापन झाल्यापासून पुरुषाला 'सिंग' आणि स्त्रीला 'कौर' हे शेपूट ठरलं, त्यामुळे पहिलं नाव दोघांना मोकळं. म्हणूनच भारताच्या पुरुष हॉकी संघाचा कर्णधार हरमनप्रीत आणि महिला क्रिकेट संघाची कर्णधारही हरमनप्रीत, असा योग येऊ शकतो आणि कोणीही गोंधळत नाही. आपण मात्र विसाव्या शतकात शहरात येऊन आपली शेपटं छाटली. राव गेलं कारण ते सरंजामी वाटू लागलं. बाई गेलं कारण ते घरकामाला येणाऱ्या बाईंना चिकटलं आणि नंतर शाळेच्या बाईंपुरतं उरलं. शेपूट तोडल्यावर खाली उरलेलं नाव म्हणजे हे सामाईक नाव. त्याला आधुनिक म्हणण्यात अर्थ नाही. डोक्यावरची पगडी काढली म्हणून डोकं नवीन होत नाही.

ही नावं कुठून उरली ते पाहिलं तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. कमल, सुमन, कांचन, माणिक हे शब्द म्हणून नपुंसकलिंगी किंवा त्याच्या आसपासचे. फूल, सोनं, रत्न. शीतल, स्नेहल ही विशेषणं, जी कोणालाही लागू पडतात. शिरीष हे झाड, सुहास म्हणजे गोड हसू. शेवटचा 'अ' आपण उच्चारतही नाही, त्यामुळे आकार-ईकाराची भानगड नाही. अशा शब्दाला कोणीही घरी न्यावं. माणिक वर्मा गाणाऱ्या आणि माणिक गोडघाटे कविता लिहिणारे, हे दुसरे ग्रेस या नावाने प्रसिद्ध झाले म्हणून गोंधळ टळला. (ग्रेस हेही आणखी कुठल्यातरी देशात बाईचंच नाव, पण ते जाऊ द्या.) सुहास जोशी रंगभूमीवरच्या, सुहास शिरवळकर कादंबऱ्यांचे. शिरीष कणेकर क्रिकेट आणि सिनेमावर लिहिणारे, शिरीष पै मराठीत हायकू रुजवणाऱ्या. शिरीषताई आचार्य अत्र्यांच्या कन्या. अत्र्यांनी मुलीचं नाव शिरीष ठेवलं यावर त्या काळी कोणी शंका काढली असेल तर त्याला उत्तर काय मिळालं असेल, याची कल्पना करायला अत्र्यांचा एखादा अग्रलेख पुरे आहे. कांचन अधिकारी आणि कांचन नायक, दोघेही मराठी चित्रपटांचे दिग्दर्शक, एक स्त्री, एक पुरुष. आणि किरणांचा तर मेळावाच भरेल: १९७२मध्ये पोलीस सेवेत दाखल झालेल्या किरण बेदी, यष्टीमागे उभे राहून जावेद मियाँदादला उड्या मारायला लावणारे किरण मोरे, 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहिणारे किरण नगरकर, २००६चं बुकर मिळवणाऱ्या किरण देसाई, 'बायोकॉन' उभी करणाऱ्या किरण मजुमदार-शॉ, 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'साठी साहित्य अकादमी मिळवणारे किरण गुरव. किरण राव यांनी तर घुंगटामुळे दोन नवऱ्या बदलल्या जातात अशी गोष्ट घेऊन 'लापता लेडीज' केला. ओळख नावाने पटत नाही, हे किरणपेक्षा जास्त कोणाला कळणार?

वरच्या परिच्छेदात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? एकाही नावापुढे 'पुरुष' किंवा 'स्त्री' असा शिक्का मारावा लागला नाही, तरी कोण काय ते कळलं. कांचनांच्या जोडीला मी उगीच मारला, सवयीने. 'गाणाऱ्या', 'लिहिणारे', 'मिळवणाऱ्या' या शेपटांनी काम परस्पर उरकलं. मराठी क्रियापद हे चाळीतल्या शेजारणीसारखं आहे; विचारा न विचारा, ते सांगणारच. तरीही त्याला चकवा देण्याच्या जागा भाषेने ठेवल्या आहेत आणि त्या फार मजेशीर आहेत. एखाद्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत असं बोलणं होऊ शकतं: 'किरणने राजीनामा दिला म्हणे.' 'काय सांगतेस! किरणला पुण्यात नोकरी मिळाली असेल.' 'किरणचं डोकं पहिल्यापासून गरमच.' 'महिनाभरात किरण परत येईल बघ.' चार वाक्यं झाली, चारित्र्यहनन सुरू झालं, तरी किरण तो की ती याचा पत्ता नाही. 'ने' लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं, म्हणून दिला तो राजीनामा. चिठ्ठी असती तर दिली. 'ला' लागला की मिळाली ती नोकरी. भविष्यकाळ तर जात्याच समदर्शी: येईल, जाईल, करेल. मग पाचवी कोणीतरी म्हणते, 'जाताना डबा इथेच विसरून गेली की!' आणि पडदा उठतो. मराठीत किरणचं गुपित इतकंच टिकतं, डबा उघडेपर्यंत.

बोलीबोलीत हा खेळ आणखी रंगतो. कोल्हापूरकडे मुलीसुद्धा 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. त्याच दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन घरांत पुरुषांचं नाव शीतल असणं अगदी नेहमीचं, कारण शीतलनाथ हे दहावे तीर्थंकर. पुण्या-मुंबईत शीतल म्हटलं की मुलगीच डोळ्यांपुढे येते. आता सांगलीहून पुण्याला निरोप आला, 'मी शीतल, उद्या येतो', तर स्टेशनवर घ्यायला जाणाऱ्याने कोणाला शोधायचं? गोव्यात तर तिसरं दार उघडं आहे. कोंकणीत लहान मुलीला आणि पुष्कळदा तरुण मुलीलाही नपुंसकलिंग लावतात, म्हणून तिथे किरण 'आयलो', 'आयली' आणि 'आयलें' असे तिन्ही होऊ शकतात. कोकणातल्या आज्याही नातीला 'आमचं पोरगं आलं' म्हणतात, आणि त्या नपुंसकलिंगात जेवढी माया असते तेवढी इतर दोन्ही लिंगांत मिळून सापडत नाही.

आता पहिला आक्षेप. बोलण्यात ठीक, पण कागदावर काय? पत्र लिहायचं, पाकिटावर श्री. की श्रीमती? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचा दोष नावाकडे नाही. रावाला आणि बाईला घराबाहेर काढून आपण श्री., सौ. आणि कु. यांना दारात बसवलं, म्हणजे नुसता पहारेकरी बदलला. मागून घातलेलं शेपूट पुढे आलं. सुशिक्षित लोकांनी तर दोन नवी शेपटं इंग्रजीतून आणली: किरण सर आणि किरण मॅडम. हेच जुने किरणराव आणि किरणबाई, फक्त गळ्यात ओळखपत्र अडकवलेले. ज्यांना धोका पत्करायचा नसतो ते 'किरणजी' लिहितात, कारण आताच्या 'जी'ला लिंग नाही, नुसती लाचारी आहे. पत्राच्या वरच्या टोकाला असा आटापिटा करून माणूस दमतो आणि खाली सही करताना 'आपला विश्वासू' किंवा 'आपली विश्वासू' लिहून स्वतःचं गुपित किरण स्वतःच फोडतो. किंवा फोडते. आणि सरकारी अर्जाबद्दल म्हणाल तर तिथे नावाच्या पुढे 'लिंग' नावाचा रकाना असतोच. रेल्वेच्या आरक्षणातही असतो. नावाने तेच पुन्हा सांगावं, हा आग्रह म्हणजे तिकीट दाखवल्यावर वर शपथही घ्यायला लावण्यासारखं आहे.

महाराष्ट्राने तर नकळत एक फारच सुबक सोय करून ठेवली आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला. आता समजा एखाद्या बाळाचं नाव किरण शीतल सुहास पाटील असं आहे. तिन्ही नावं सामाईक. तरी शीतल ही आई आणि सुहास हे वडील, हे नुसत्या जागेवरून सिद्ध होतं. शिल्लक उरतो तो एकटा किरण, आणि त्याचं किंवा तिचं क्रियापद अजून पाळण्यातच आहे.

लग्नाचा प्रसंग मी मुद्दाम मागे ठेवला होता. किरण आणि किरण यांचं लग्न झालं तर? इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ यांनी १९२८ मध्ये एव्हलिन नावाच्याच तरुणीशी लग्न केलं आणि मित्रमंडळी त्यांना 'तो एव्हलिन' आणि 'ती एव्हलिन' म्हणू लागली. संसार फार टिकला नाही, पण त्यात नावाचा दोष नव्हता. आपल्याकडे पत्रिकेवर 'चि. किरण' आणि 'चि. सौ. कां. किरण' असं छापलं जाईल, कारण 'चि.'सुद्धा सामाईकच; फरक करायला 'सौ. कां.' लागतं. ज्या घरी नवरीचं नाव बदलायची पद्धत आहे तिथे ताटात तांदूळ पसरून, अंगठीने नवं नाव लिहायचा समारंभ होईल. एरवी या पद्धतीवर मला पुष्कळ बोलता येईल, पण इथे एक कबूल करायला हवं की निदान या एका जोडप्याकडे नाव बदलायला काहीतरी कारण आहे. मात्र खरी मजा उखाण्यात आहे. नवरीला घास अडवून नाव घ्यायला लावतात तेव्हा ती 'किरणचं नाव घेते' म्हणत नाही, म्हटलं तर ते स्वतःचंच होईल. ती म्हणते 'किरणरावांचं'. पाऊणशे वर्षांपूर्वी घराबाहेर गेलेला राव दरवर्षी लग्नसराईत, फक्त दोन ओळींपुरता, सन्मानाने परत येतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आणि कोणी मोठ्याने न घेतलेला. तो मुलग्यांच्या आईवडिलांच्या मनात असतो: नाव सामाईक ठेवलं आणि ते बायकी ठरलं तर? या भीतीमुळे सामाईक नावांची वाहतूक बहुतेक एकेरीच असते. इंग्रजीत शर्ली हे एकेकाळी मुलग्याचं नाव होतं. शार्लट ब्राँटीने १८४९मध्ये आपल्या नायिकेला ते दिलं, आणि पुढे ते मुलींकडे गेलं ते परत आलं नाही. मुलीला मुलग्याचं नाव दिलं की घरचे कौतुकाने सांगतात. मुलग्याला मुलीचं दिलं की घरचे खुलासा देतात. शीतल आणि स्नेहल शहरात मुलींकडे सरकले आणि मुलग्यांचे आईबाप त्या रांगेतून हळूच बाहेर पडले. संगीतकार स्नेहल भाटकरांनी, ज्यांचं मूळ नाव वासुदेव, हे नाव आपखुशीने घेतलं होतं, हे आज सांगितलं तर खरं वाटत नाही. मराठी कवींनी याबाबतीत आपल्यापेक्षा जास्त धीर दाखवला. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, नाव पुढे करून स्वतः मागे 'अग्रज' म्हणून उभं राहणं पसंत केलं. चिं. त्र्यं. खानोलकर आयुष्यभर 'आरती प्रभू' या नावाने कविता लिहीत राहिले. त्यांच्या कवितेला त्याने काही कमीपणा आला असं कुठल्या समीक्षकाने लिहिल्याचं वाचनात नाही, आणि आपले समीक्षक संधी सोडणारे नव्हेत. किरण हे नाव मात्र महाराष्ट्रात दोन्ही तीरांवर टिकून राहिलं. १९९३मध्ये 'डर' आला, त्यातल्या नायिकेचं नाव किरण होतं आणि शाहरुख खान ते अडखळत घेत असे. त्या वर्षी शाळा-कॉलेजांतल्या मुलग्या किरणांनी काय सोसलं असेल, ते सांगायला नको. तेवढं सोसूनही नाव टिकलं, याचं श्रेय मी 'आशेचा' मधल्या 'चा'ला देतो. हिंदीत गेलेल्या किरणला तो आधार नव्हता.

एक तिसराच प्रकार हल्ली वाढतो आहे आणि तो मला अस्सल सामाईक वाटत नाही. आर्य आणि आर्या, भव्य आणि भव्या, नित्य आणि नित्या ही देवनागरीत स्वच्छ वेगळी नावं आहेत; मध्ये एक काना उभा आहे. पण पासपोर्टवर आणि विमानाच्या तिकिटावर रोमन लिपीत काना दिसत नाही आणि आर्य-आर्या एकाच खुर्चीवर बसतात. ही सामाईकता म्हणजे अवघ्या एका कान्याचा बेपत्तापणा, शब्दाचं त्यात काही कर्तृत्व नाही. याउलट खऱ्या सामाईक नावाची एक सोय कायद्यानेच वाढवली आहे. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने १९८८मध्ये आणि केंद्राने १९९४मध्ये कायदा करून बंदी आणली, आणि ती यायलाच हवी होती. तेव्हा ज्यांना नऊ महिने थांबवत नाही, दुपटी शिवायच्या आधीच नाव ठरवून मोकळं व्हायचं आहे, त्यांना कायद्यात बसणारा मार्ग एकच: किरण, शीतल, सुहास, कांचन यांपैकी एक ठरवा आणि दवाखान्याबाहेर निवांत बसा. आतून बाळ येईल तेव्हा नर्सबाई 'झाला' किंवा 'झाली' म्हणतीलच.

तेव्हा पुढच्या वेळी अनोळखी किरणच्या घरी फोन लावायची वेळ आली तर श्री. की श्रीमती याचा घोर करत बसू नका. 'किरण आहे का?' एवढंच विचारा. 'आहे'ला लिंग नाही, कोणाचा अपमान होणार नाही. आणि पलीकडून 'बाहेर गेलाय' किंवा 'बाहेर गेलीये' यांपैकी एक उत्तर येईलच.